मॉलफ्रिडचा आकडा

नोकरी मिळाली म्हणून ओस्ने सोमवारी संध्याकाळी घरभर नाचली, आणि मंगळवारी सकाळपासून तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मधल्या वेळात तिनं आलेली मेल नीट वाचली होती, एवढंच काय ते कारण. वर्षाला पाच लाख साठ हजार क्रोन. खाली कारखान्याचा मालक आर्नफिन याचं नाव आणि एक ओळ: शुक्रवारी दुपारपर्यंत कळव, म्हणजे करार पाठवतो.

पाच-साठ. हा आकडा चांगला की वाईट, हे काही केल्या तिला ठरवता येईना. याहून मोठा आकडा तिच्या नावापुढे आयुष्यात एकदाच लागला होता, तो शिक्षणाच्या कर्जाचा. त्या मानानं पाच-साठ म्हणजे चैनच. पण मग ती इंजिनिअरांच्या संघटनेची आकडेवारी उघडून बसली, तर नव्यानं पास झालेल्यांना सरासरी सहा-दहा. वर्गातल्या मुलांच्या गप्पांत डोकावली, तर तेलाच्या कंपनीत लागलेला एक दीडशहाणा सहा-नव्वद सांगून वर 'सुरुवातीला ठीक आहे' असं लिहून मोकळा झालेला. ओस्नेनं फोन उशीखाली ठेवला, काढला, परत ठेवला. हिशेब केला की माणसाला शांत वाटतं म्हणतात. हिला मात्र दर हिशेबानंतर खोलीत आणखी येरझाऱ्या घालाव्या लागत होत्या. ऑलेसुन शहरातली घरभाडी, गाडी घ्यावी लागेल का, आईबापाच्या तळघरातल्या ह्या खोलीत अजून किती वर्षं काढायची, सगळं मांडून झालं. उत्तर दर वेळी वेगळं येई.

दुपारी तिचा मोठा भाऊ यूस्टाइन जेवायला आला. तो प्लंबर, गावभर व्हॅन घेऊन फिरायचा आणि जवळपास काम असलं की आईच्या फ्रीजवर धाड घालायचा. आई वृद्धाश्रमात नर्स, ती पाळीवर गेलेली. वडील बोटीवर, त्यांना यायला अजून अवकाश होता. म्हणजे सल्ला द्यायला घरात हा एकटाच, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

"पाच-साठ?" पावावर तपकिरी चीजचे पापुद्रे रचत तो म्हणाला. "अगं, गेल्या वर्षी मी ह्याच्यापेक्षा जास्त कमावले. तेसुद्धा लोकांच्या संडासात हात घालून."

"कळतंय वासावरून."

"वास धुतला की जातो. तू तुझे पाच-साठ धुऊन बघ, सहा-दहा होतात का."

"मग काय करू?"

"फोन कर. म्हण, सहा-दहा. आणि गप्प बस. तुझी खोड मला माहीत आहे, तू लगेच सारवासारव करायला लागतेस. एक शब्द बोलायचा नाही. तू गप्प राहिलीस की समोरचा बोलतो."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर पाच-साठवर ये. तुझं काय गेलं?"

इतकं सोपं होतं ते. यूस्टाइनला सगळंच सोपं वाटतं, त्याच्या हातात पाना असतो. पण ओस्नेला ही नोकरी नुसती नोकरी म्हणून नको होती. तिला ती मॉलफ्रिडसाठी हवी होती, आणि तिथंच सगळी अडचण होती.

मासेमारीच्या जहाजांवर जाळी ओढून घेणारी अवजड विंच यंत्रं असतात, ती हा कारखाना बनवायचा. ओस्नेनं दोन उन्हाळे तिथं बदली कामगार म्हणून काढले होते, मॉलफ्रिडच्या शेजारच्या टेबलावर. मॉलफ्रिड बावीस वर्षं त्या विंचांचे आराखडे करत होती. उंच, खांद्यानं थोडी वाकलेली, बोलायला फटकळ. पहिल्या आठवड्यात तिनं ओस्नेचं सगळं काम तीनदा परत केलं, आणि चौथ्यांदा काही न बोलता स्वतःच्या थर्मासमधली कॉफी तिच्या कपात ओतली. ओस्नेला त्या कॉफीचं जितकं अप्रूप वाटलं तितकं पदवीचं वाटलं नाही. ह्या बाईच्या हाताखाली चार वर्षं काढली तर आपण खरंच काहीतरी होऊ, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आर्नफिनकडे तिचं नावही मॉलफ्रिडनंच सुचवलेलं.

"मॉलफ्रिडलाच विचार ना मग," यूस्टाइन म्हणाला. "तिला काय मिळतं ते कळलं की तुला तुझं कळेल."

"पगार विचारू? तिला?"

यूस्टाइननं खांदे उडवले. त्यालाही कळत होतं. आमच्याकडे माणूस पोटाच्या ऑपरेशनचा व्रण शर्ट वर करून दाखवील, पण पगार किती म्हणून विचारलंत तर खिडकीबाहेर बघत हवामानावर बोलायला लागेल. आणि गंमत अशी की तोच आकडा करखात्याच्या यादीत सगळ्या देशाला उघडा. नाव टाका, बघून घ्या. फक्त एक मेख आहे. तुम्ही कुणाचं बघितलंत ते त्या माणसाला तुमच्या नावानिशी दिसतं. ह्या एका मेखेमुळे अर्धं गाव सभ्य राहिलंय.

"यादीत बघ," यूस्टाइन म्हणाला.

"तू बघ."

"मी नाही बाबा. मागच्या वर्षी शेजारच्या स्वेरेचं बघितलं, अजून गडी माझ्याकडे पाठ करून बर्फ उपसतो. तू असं कर, बर्गनच्या आत्याला सांग. ती सगळ्यांचं बघून देते. तिला इथं ओळखतंय कोण?"

आत्याला तिनं लगेच निरोप टाकला. आत्या बुधवारी सकाळपर्यंत काही बोलली नाही. नंतर कळलं, ती मैत्रिणींबरोबर डोंगरावरच्या केबिनमध्ये गेली होती आणि तिथं फोन लागत नव्हता. दुसऱ्या कुणी वाट बघितली असती. मुदत शुक्रवारची, म्हणजे वेळ होता. पण ओस्ने त्या सकाळी एकच कप दोनदा विसळत होती, न आलेला फोन वाजल्याचा भास होऊन खोलीत पळत होती, आर्नफिनला म्हणायचं वाक्य आरशासमोर म्हणून बघत होती आणि दर खेपेला 'सहा-दहा'वर तिचा आवाज चिरकत होता. शेवटी तिचा धीर सुटला. तिनं स्वतःच्या नावानं यादी उघडली, मॉलफ्रिडचं नाव टाकलं आणि डोळे बारीक करून बघितलं.

पाच लाख चाळीस हजार.

तिनं परत बघितलं. नाव तेच, गाव तेच, जन्मसाल बरोबर. पाच-चाळीस.

बावीस वर्षं. जिचा आराखडा बंदरातली निम्मी जहाजं अंगावर वागवतात ती बाई, आणि तिला काल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरीपेक्षा वीस हजार कमी! ओस्नेला पहिल्यांदा राग आला तो आर्नफिनचा. मग स्वतःची लाज वाटली, कारण ह्याच बाईच्या शेजारी बसून आपण सहा-दहा मागणार होतो. आणि त्यानंतर, जरा उशिरानं, दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि तिनं लॅपटॉप फाडकन मिटला. आता मॉलफ्रिडच्या नावाखाली आपलं नाव लागलं. ते पुसता येत नाही. मॉलफ्रिड बघेल. कधी बघेल ते माहीत नाही, पण बघेल. आणि तिला वाटेल, ही पोरगी माझ्या खिशात हात घालून गेली.

ती घराबाहेर पडली आणि बंदराच्या दिशेनं चालायला लागली. जूनचं ऊन होतं, वारा होता, सीगल पक्षी कुणाच्या तरी पावावरून भांडत होते. धक्क्यावर एका जहाजाच्या मागच्या बाजूला भलामोठा विंच होता. तो कुणाचा ते तिला लांबूनच कळलं आणि तिनं मान फिरवली. तेवढ्यात खिशात फोन वाजला. आर्नफिन.

"काय गं, ठरलं का? घाई काही नाही, सहज केला फोन."

ज्याला घाई नसते तो सहज फोन करत नाही, एवढी अक्कल ओस्नेला नंतर आली. त्या क्षणी आरशासमोर पाठ केलेलं वाक्य तिच्या तोंडाशी होतं. बाहेर आलं ते भलतंच.

"मी खरं सांगू का, जास्त मागणार होते. सहा-दहा. पण मॉलफ्रिड इतकी वर्षं तिथं आहे, आणि तिच्याहून जास्त पगार घेऊन तिच्या शेजारी बसायचं म्हणजे... मला ते बरोबर वाटत नाही. आत्ताच मला तिच्यापेक्षा जास्त देतोयस तू. पाच-साठ ठीक आहे मला."

पलीकडे काहीच आवाज नाही. फोन बंद पडला की काय म्हणून तिनं तो कानापासून लांब धरून बघितला. चालू होता. कुठंतरी एक दार लागल्याचा आवाज आला.

"समजूतदार आहेस," आर्नफिन म्हणाला. "आम्हाला अशीच माणसं हवी असतात. उद्या करार पाठवतो."

फोन ठेवल्यावर ओस्नेला बरं वाटायला हवं होतं. होकार दिला होता, नोकरी झाली होती, वर चांगुलपणाही करून झाला होता. पण घरी जाताना तिची पावलं आपोआप भरभर पडत होती, कुणीतरी मागून येत असल्यासारखी. संध्याकाळी यूस्टाइननं 'मागितलेस?' म्हणून विचारलं, तिनं सगळं सांगितलं, त्यावर त्यानं कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाला, "हिला पाच वर्षं शिकवण्यापेक्षा मला एक बोट घेऊन दिली असतीत तर!" आई म्हणाली, "गप रे, मनाची चांगली आहे पोरगी." हे ऐकून ओस्नेला आणखीच वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी करार आला. सही ऑनलाइन करायची, एक बटण दाबलं की झालं. ओस्नेनं तो उघडला, वाचला, बंद केला. दाबू दाबू म्हणत दुपार झाली. आणि मग तो फोन आला.

"ओस्ने? मॉलफ्रिड बोलतेय. बंदरावर कोळंबी आलीय, मी जास्तच घेतली. कामावरून सुटले की घरी आहे. ये."

नुसतं 'ये'. 'येतेस का' नाही, 'वेळ आहे का' नाही. तिनं बघितलंय, ओस्नेनं मनाशी म्हटलं. नक्की बघितलंय.

मॉलफ्रिड गावाबाहेर, बोगद्यापलीकडच्या बेटावर राहायची. पांढरं लाकडी घर, मागे थेट पाणी. तिच्या आईवडिलांचं, आणि ते गेल्यावर तिनं दोन्ही भावांचे हिस्से विकत घेऊन ठेवलेलं. ओस्ने पोचली तेव्हा ती अंगणातल्या टेबलाशी बसून होती. पुढ्यात कोळंबीनं भरलेलं पातेलं, पांढरा पाव, मेयोनेज, लिंबू. सोललेल्या सालींचा ढीग बराच मोठा झालेला.

"बस. सोल."

ओस्ने बसली. एक कोळंबी उचलली, डोकं तोडलं, पण पुढं बोटं चालेनात.

"मी यादी बघितली," मॉलफ्रिड म्हणाली. "मधनंमधनं बघते. टीव्हीवर काही धड नसतं हल्ली. तर काल कोण डोकावून गेलं? तू."

"मॉलफ्रिड, मी..."

"ऐक. मी कारखान्यात संघटनेची प्रतिनिधी आहे हे तुला माहीत आहे की नाही? पगाराचं विचारायला लोक माझ्याकडेच येतात. ते माझं कामच आहे. तू फोन केला असतास तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं."

"मला वाटलं, तुझ्या पगाराबद्दल विचारलेलं तुला आवडणार नाही."

"आणि चोरून बघितलेलं आवडेल असं वाटलं?"

ओस्नेचे डोळे भरून आले. लहान मुलासारखं रडू येतंय म्हणून तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिनं सगळं भडाभडा ओकून टाकलं. आत्या, केबिन, आरसा, पाच-चाळीस, आर्नफिनचा फोन. आपण काय बोललो ते शब्दाला शब्द. तुझ्याहून जास्त घेऊन तुझ्या शेजारी बसवलं नसतं म्हणून.

मॉलफ्रिडचे सोलणारे हात थांबले.

"म्हणजे तू माझी कीव केलीस."

"नाही! म्हणजे... अन्याय होतोय तुझ्यावर, असं वाटलं."

"पाच-चाळीसमध्ये मी हे घर ठेवलं असतं का गं? जरा डोकं चालव, इंजिनिअर ना तू? यादीत दिसतो तो पगार नाही. सगळ्या वजावटी जाऊन उरतो तो आकडा. भावांच्या हिश्शांसाठी कर्ज काढलंय, त्याचं व्याज त्यातून जातं. ठरावीक सूट जाते. संघटनेची वर्गणी जाते. माझा पगार आठ-चाळीस आहे."

ओस्नेच्या आयुष्यात आजवर वजावट म्हणावी असं काही नव्हतं. उन्हाळ्यात कमावलेलं हिवाळ्यात खाल्लेलं. वजावटीआधीचा पगार आणि वजावटीनंतरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून तिनं तुलना केली होती. शाळेतल्या पोरानं करू नये अशी चूक. कान तापले तिचे. पन्नास हजार क्रोन दरसाल, आणि दरवर्षीची वाढ त्याच्यावरच्या टक्क्यांनी, म्हणजे ही तूट जन्मभर वाढतच जाणार. ते सगळं तिनं आठ-चाळीसवाल्या बाईच्या दयेपोटी सोडून दिलं होतं.

"थांब," मॉलफ्रिड म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे तू आर्नफिनला सांगितलंस? मला तुझ्याहून कमी मिळतं, म्हणून?"

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

"समजूतदार आहेस म्हणाला."

मॉलफ्रिडनं फडक्याला हात पुसले, एक एक बोट करून.

"माझा पगार तोच ठरवतो," ती म्हणाली. "पै न् पै त्याला पाठ आहे. तुझा आकडा चुकलाय हे तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं असणार त्याला."

ओस्नेला फोनवरची ती शांतता आठवली, लागलेलं दार आठवलं. तो विचार करत होता तेव्हा. सांगावं की न सांगावं, ह्याचाच.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"मग लाव फोन. आत्ता, इथून. मी लावणार नाही, तुझा पगार आहे. सहा-दहा माग. देईल तो."

"तुला कसं माहीत?"

"कारण सगळ्यांचे पगार मला माहीत असतात. स्टोले माझ्यानंतर सहा वर्षांनी लागला, मी शिकवला त्याला, आज नऊ-दहा घेतो. आर्नफिनकडे पैसे नाहीत असं नाही. मागणाऱ्याला तो देतो."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू मागितले नाहीस?"

मॉलफ्रिड पुन्हा कोळंबी सोलायला लागली. "दुसऱ्यांसाठी तोंड उघडतं माझं. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की वाटतं, काय हावरटासारखं. जाऊ दे. लाव फोन."

ओस्नेनं फोन टेबलावर पालथ्या बशीला टेकवला आणि स्पीकर चालू केला. ह्या वेळी तिचा आवाज चिरकला नाही.

"आर्नफिन, ओस्ने. काल मी घाईत हो म्हटलं. मी चुकीचा आकडा धरून चालले होते. मला सहा-दहा हवेत."

आणि ती गप्प बसली, यूस्टाइननं सांगितलं होतं तशी. फार वेळ बसावं लागलं नाही.

"ठीक आहे," आर्नफिन म्हणाला. "सहा-दहा. करार बदलून पाठवतो."

एवढंच! घासाघीस नाही, नाराजी नाही. मॉलफ्रिडनं भुवया उंचावून अंगठा दाखवला. ओस्नेला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतक्या पटकन म्हणजे हे पैसे काल ती धक्क्यावर उभी होती तेव्हाही तयारच होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. मॉलफ्रिडनं मानेनं 'नको' म्हटलं, पण ओस्नेला आता थांबवत नव्हतं. "काल मी मॉलफ्रिडबद्दल बोलले. तुला माहीत होतं मी चुकतेय. तू का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," आर्नफिन म्हणाला. त्याच्या आवाजात ना लाज ना राग. दुकान उघडायची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यानं. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू तुझा निर्णय सांगत होतीस, मी ऐकत होतो."

ओस्नेनं समोर बघितलं. मॉलफ्रिडच्या हातातली कोळंबी तशीच अर्धी सोललेली राहिली होती.

विंचच्या गणितात एक आकडा चुकला आणि तो दिसूनही कुणी गप्प बसलं, तर जाळं भरून वर येताना पोलादी दोर तुटतो. तुटलेला दोर उभ्या माणसाचे पाय घेऊन जातो. चुका सगळ्यांच्याच होतात, तिच्या तर होणारच होत्या, पहिली काही वर्षं रोज. त्या दिसूनही 'तू विचारलं नाहीस' म्हणणारा माणूस वर बसला असेल तर रात्री झोप कशी लागणार? सहा-दहात लागेल? सहा-नव्वदमध्ये?

"मग मी येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नोकरी नको मला. धन्यवाद." आणि तिनं फोन बंद केला, कारण आणखी क्षणभर थांबली असती तर सारवासारव सुरू केली असती.

मॉलफ्रिड उठून उभी राहिली.

"वेडी आहेस का तू? मी जास्त मागायला सांगितलं होतं, लाथाडायला नाही! दोन वर्षं मी त्याच्यामागे लागलेय, ह्या पोरीला घे म्हणून. तुला काय वाटतं, दुसरीकडे सगळे साधुसंत बसलेत?"

"नाही वाटत."

"हातात दुसरं काही आहे?"

"ट्रॉनहाइमला एक अर्ज केलाय. उत्तर नाही आलेलं अजून."

"म्हणजे काही नाही!" मॉलफ्रिड टेबलाभोवती एक चक्कर मारून परत आली. "आणि मी? मी बावीस वर्षं त्याच माणसाकडे काढली. मी मूर्ख, असंच ना? आधी कीव केलीस, आता हे."

खरंच, एका आठवड्यात ह्या बाईचा दोनदा अपमान केला होता तिनं, आणि दोन्ही वेळा चांगल्या हेतूनं. हीच एक व्यक्ती होती जिच्यासाठी ती नोकरी हवी होती. ती गेली आणि कदाचित हीपण गेली. उठावं आणि बस पकडावी, असं तिला वाटलं.

"तू मूर्ख नाहीस," ती कशीबशी म्हणाली. "मला भीती वाटली. बास."

मॉलफ्रिड तिच्याकडे बघत राहिली, मग पाण्याकडे. एक मच्छीमार बोट खाडीतून आत येत होती. मग ती खुर्चीत बसली, पातेलं ओस्नेच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "खा. उपाशीपोटी निर्णय घेतेस, म्हणून असे होतात."

ओस्ने खायला लागली. भूक लागली होती तिला, दोन दिवसांत धड जेवली नव्हती. पावावर कोळंबी रचता रचता तिच्या लक्षात आलं, मॉलफ्रिड खात नाहीये. तिनं स्वतःचा फोन काढला होता आणि तो हातात धरून नुसती बसली होती. एकदा तिनं तो टेबलावर ठेवलाही. मग पुन्हा उचलला. मानेवर लाल चट्टे उठले होते तिच्या.

"कुणाला करतेयस?" ओस्नेनं विचारलं.

मॉलफ्रिडनं हातानंच तिला गप्प राहायला सांगितलं. पलीकडे फोन उचलला गेला.

"आर्नफिन, मी मॉलफ्रिड. नाही, तिच्याबद्दल नाही. स्टोलेला नऊ-दहा आणि मला आठ-चाळीस का?" तिनं पलीकडचं उत्तर ऐकून घेतलं. "हो. आता मी विचारतेय."